ओसरीवरून : काचपेटीतील अरित्रपाद

मागील अंकी आम्ही जुन्या समयांविषयी लिहिले, तेव्हा एका भगिनींनी पत्राने विचारले की, ‘गुरुजी, आपण सदैव माळ्यावरच्याच वस्तूंविषयी का लिहिता? आपल्या घरात नवे काही येतच नाही काय?’ प्रश्न रास्त आहे. नवे येते, गेल्या वर्षी तर आमच्या घरात प्रत्यक्ष समुद्र आला. तो माजघराच्या भिंतीशी, लोखंडी घडवंचीवर, चार फूट लांबीच्या काचपेटीत राहतो. त्या समुद्राविषयी, किंबहुना त्यातील जे रहिवासी आल्यागेल्या पाहुण्यांपैकी एकाच्याही नजरेस पडत नाहीत त्यांच्याविषयी, या खेपेस लिहावयाचे आहे.

कनेरगाव नाका हे आमचे गाव हिंगोलीहून वाशीमास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एके काळी निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड यांची शीव याच बाजूस होती. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. आम्ही तो प्रथम पाहिला तो शाळेची सहल घेऊन रत्नागिरीस गेलो तेव्हा, आणि त्या वेळी आमची पस्तिशी उलटली होती. अशा गावी समुद्र आणता येत नाही, तो करावा लागतो. आमचा धाकटा पुतण्या संगणकाची नोकरी घरी बसून करतो. हा उद्योग त्याचा. यंत्राने गाळून अगदी निःसत्त्व केलेल्या २५० लिटर पाण्यात, दर लिटरास ३५ ग्रॅम या मानाने, पावणेनऊ किलो तयार समुद्री मीठ त्याने विरघळविले. उष्णता २६ अंशांच्या आसपास राहावी म्हणून पाणी थंड करणारे एक यंत्र जोडले, कारण वैशाखात आमच्याकडे घरातील माठसुद्धा हार खातो. पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून रोज सकाळी जेवढे आटले तेवढे गोडे पाणी मोजून घालावयाचे. एवढी नियमितपणे संध्या त्याने कधी केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

पेटीत प्रवाळ मात्र नाही. आपल्या देशात खरे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघास जे संरक्षण तेच त्यांना. ‘माझ्या हौसेसाठी समुद्राची घरे नकोत, तात्या’, असे पुतण्याने सांगितले ते आम्हांस आवडले. त्याने भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक रचले, मागच्या कप्प्यात केसांसारखे हिरवे शेवाळ लावले, आणि दोन-चार लहान मासे सोडले. आणखी काय सोडले ते त्याने घरात सांगितले नव्हते.

भाद्रपदातील एके रात्री वीज गेली. आमच्या सौभाग्यवती विजेरी घेऊन माजघरातून जात असता तिचा झोत काचेवर पडला, आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

“अहो, इकडे या बरं. पाण्यात किडे झालेत.”

आम्ही जाऊन पाहिले. काचेच्या आतल्या अंगास पांढुरके ठिपके होते. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ते सरकत होते, थांबत होते, पुन्हा झटका बसल्यासारखे सरकत होते. खडकाच्या कपारीतून त्यांहून मोठे, पोक काढलेले असे काही जीव बाजूवर आडवे पडूनच भराभर पळत होते. दिवसा यातील काहीही दिसत नसे. पुतण्यास हाक मारली.

“काकू, किडे नव्हेत ते. मीच सोडलेत. बाटली विकत मागवली होती.”

“पैसे देऊन किडे आणलेस?”

“ते खडकावरचा गाळ खातात, शेवाळाचा थर खातात. पाणी चांगलं राहतं.”

“उद्या सकाळी हे पाणी ओतून टाक. घरात लेकरं आहेत.” एवढे बोलून त्या आत गेल्या, आणि त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

तरुण वाचकांस हा राग अनाठायी वाटेल. आम्हांस तो वाटला नाही, कारण सौभाग्यवतींचा डावा घोटा आम्ही आज चाळीस वर्षे पाहत आहो. त्यांचे माहेर जुन्या परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातले. तेथे पिण्याचे पाणी पायऱ्यांच्या बारवेचे. बायका पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरीत. सन १९७१ च्या उन्हाळ्यात, नऊ वर्षांच्या असताना, त्यांच्या घोट्याशी आग करणारा फोड आला. तो फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक बाहेर आले. नारू. गावातील एक वृद्ध रोज येऊन ते टोक काडीस गुंडाळीत. दिवसास दोन-चार बोटे, अधिक नाही, कारण ओढले की तुटते. अकराव्या दिवशी तो तुटला. पुढे पू, ज्वर, आणि दोन महिने अंथरूण. चौथीची परीक्षा गेली ती गेलीच. नंतर त्या शाळेत गेल्या नाहीत. घोटा तेव्हापासून पुरता वाकत नाही. हळदीकुंकवास बायका मांडी घालून बसतात तेव्हा आमच्या सौभाग्यवती एक पाय लांब करून बसतात, आणि नव्या सुनांना त्याचे कारण ठाऊक नसते.

तो नारू पाण्यातून पोटात जातो तो एका अशाच ठिपक्यात बसून. म्हणजे किडे पाहून त्यांनी जे ओळखले ते सर्वस्वी चूक नव्हते. काचेवरचे ठिपके आणि बारवेतले ठिपके एकाच कुळातले आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे जुने भिंग काढले. भूगोलाच्या नकाशांसाठी घेतलेले, पितळी मुठीचे. पेटीतील एक थेंब घड्याळाच्या काचेवर घेऊन तासभर पाहत बसलो. शास्त्रज्ञ या कुळास ‘कोपेपॉड’ म्हणतात. ग्रीक भाषेत वल्ह्यास जो शब्द आहे तो आणि पायास जो आहे तो मिळून हे नाव झाले. आपल्याकडे वल्ह्यास ‘अरित्र’ हा सुंदर शब्द असताना आम्ही त्यांना अरित्रपाद म्हणणार. पुतण्या ‘पॉड’ म्हणतो. नातवंडे ‘ठिपके’ म्हणतात. खेकडे, कोळंबी, झिंगे हे यांचे मोठे सोयरे; सर्वांच्या अंगावर सांध्यासांध्यांचे कवच, आणि ते कवच वाढत नसल्यामुळे अंग वाढले की ते टाकून नवे धारण करावयाचे.

भिंगाखाली जो जीव दिसतो तो एका टोकास रुंद व दुसरीकडे निमुळता होत गेलेल्या अश्रूसारखा असतो. शेपटास दोन काटे. डोक्यावर मधोमध एकच डोळा, तांबडा ठिपका. पुढे दोन लांब मिशा, खाली वल्ह्यांच्या जोड्या. ही वल्ही एकदम मारली की तो असा उडतो की डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी तो होता तेथे नसतो. स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट अंतर सेकंदात तोडण्याइतका त्याचा वेग असतो, असे मोजणाऱ्यांनी मोजले आहे. मादीच्या मागे अंड्यांची पिशवी लोंबते. आमच्या पेटीतील माद्यांना ती एकच आहे. अंड्यातून जे पोर निघते ते आईबापांसारखे मुळीच नसते. तीन जोड्या पाय असलेली ती एक बिंदुली असते. ती सहा अवस्था घालविते, मग रूप पालटून आणखी पाच, आणि कात टाकीत टाकीत प्रौढ होते. उबदार पाण्यात हा सर्व संसार पंधरवड्याच्या आत आटोपतो. बाजूवर पळणारे ते पोकवाले जीव मात्र वेगळ्या घराण्याचे, अँफिपॉड नावाचे. त्यांची आई छातीखालच्या पिशवीत पिले वागविते. पिले बाहेर निघतात ती आईचीच लहान प्रत असतात. सकाळी वाळूवर पांढरी टरफले दिसली की नातवंडे ‘मेला, मेला’ म्हणून ओरडतात. तो मेलेला नसतो. जुना अंगरखा टाकून गेलेला असतो.

अरित्रपादांच्या सुमारे १३,००० जाती ठाऊक झाल्या आहेत. बहुतेक समुद्रात, थोड्या गोड्या पाण्यात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती खाऊन ते जगतात, आणि त्यांना खाऊन माशांची पिले. बांगडा आणि पेडवे ज्या ताटात आपण पाहतो (आम्ही नव्हे, पण कोकणस्थ शेजारी बोलतात) त्या ताटाच्या मुळाशी हाच ठिपका आहे. केरळात विझिंजम येथे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तेथे समुद्री माशांच्या नुकत्या जन्मलेल्या पिलांचा पहिला घास म्हणून याची मुद्दाम पैदास करतात, कारण त्या पिलांच्या तोंडात दुसरे काही मावतच नाही.

आता बारवेतला ठिपका. तो ‘सायक्लॉप्स’, ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्यास दिले आहे. तो गोड्या पाण्यातला, आणि त्याच्या मादीस अंड्यांच्या पिशव्या दोन. नारू झालेला मनुष्य पाण्यात पाय घालतो तेव्हा फोडातील मादी कृमी हजारो सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स ती खातो. त्याच्या पोटात ती सुमारे दोन आठवड्यांत पक्व होतात. तेच पाणी कोणी न गाळता प्याले की सायक्लॉप्स पोटात विरतो आणि कृमीचे पिलू सुटते. मग वर्षभराने दीड-दोन हात लांबीचा नारू पायातून बाहेर येतो. आयुर्वेदात या रोगास स्नायुक म्हणतात. म्हणजे रोग प्राचीन आहे. वाट मात्र कोणास ठाऊक नव्हती. ती १८७० च्या सुमारास फेडचेंको नामक रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानाच्या बाजूस शोधली. आपल्याकडे मुंबईस परळच्या ज्या प्रयोगशाळेचे नाव पुढे हाफकिन संस्था झाले, तेथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिस्टन आणि आपले डॉ. तर्खड यांनी मुंबईतील नारूचा छडा लावण्याचे काम केले. हे तर्खड परमहंस सभा व प्रार्थना समाज यांच्या इतिहासात ज्यांची नावे येतात त्या घराण्यातले. शाळेच्या पुस्तकांतून हे नाव असावयास हवे होते, असे आमचे मत आहे.

उपाय किती साधा! पाणी गाळून प्यावे. मनूने हे सांगितले आहे, आणि आमच्या आज्या तांब्यावर फडके बांधून ते करीत. परंतु बारवेवर तहानेने वाकून ओंजळभर पिणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीजवळ फडके कोठून असणार? म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गाच्या बाजूस डॉ. मूर्ती यांनी १९३० नंतरच्या वर्षांत आणखी एक युक्ती केली: पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडले, आणि नारू हटू लागला. पुढे १९८३-८४ साली सरकारने देशव्यापी मोहीम काढली. त्या वेळी देशात वर्षास सुमारे ४०,००० रोगी नोंदले जात, आणि ज्या सात राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्र होता. बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप आले, पाण्यात औषध पडू लागले, घरोघर जाळीचे गाळणे गेले. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. देवीनंतर एवढी मोठी गोष्ट या देशात झाली, पण तिचा गाजावाजा झाला नाही. ज्यांना नारू होत असे त्यांच्याविषयी गाजावाजा कधीच होत नाही.

हे सर्व आम्ही सौभाग्यवतींना समजावून सांगितले. पेटीतील ठिपका खारा, बारवेतला गोडा. हा गोड्यात जगत नाही, तो खाऱ्यात जगत नाही. नारू देशातून गेला. शिवाय हे पाणी कोणी पिणार नाही. प्रयोग म्हणून दोन ठिपके पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात सोडून दाखविले. थोड्या वेळाने ते तळाशी निश्चल झाले. “मेले? बरं झालं,” एवढेच उत्तर मिळाले. तो पेला त्यांनी नंतर राखेने तीनदा घासला, आणि कपाटात वेगळा ठेवला. छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकविलेल्या मनुष्यास घरात असा अनुभव येतो.

दिवाळीनंतर पुतण्या मुंबईहून एक मासा घेऊन आला. आम्ही आयुष्यात इतका सुंदर जीव पाहिला नाही. बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी वळणे, जणू पैठणीच्या पदरावरची वेलबुट्टी, आणि डोळे बेडकासारखे वर काढलेले. तो पोहत नाही म्हटले तरी चालेल. खडकावरून परांच्या आधाराने टेकत टेकत हिंडतो. अंगास खवले नाहीत, चिकट लेप आहे. प्राण्यांतील निळा रंग बहुधा प्रकाशाचा खेळ असतो, याचा निळा मात्र खरा रंगद्रव्याचा, आणि ही गोष्ट प्राणिसृष्टीत अतिविरळ. त्याचे नाव मँडरिन. हे नाव चिनी दरबारातील अधिकाऱ्यांच्या झग्यांवरून पडले. परंतु वाचकहो, तो शब्द मूळचा चिनी नव्हे. आपला ‘मंत्री’ मलाया देशी गेला, तेथून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि त्याचा ‘मँडरिन’ केला. तेव्हा आमच्या माजघरात प्रशांत महासागरातून आलेले हे मंत्रिमहाशय एका परीने घरीच परतले होते. नातवंडांनी त्यांना ‘प्रधानजी’ म्हणावयास सुरुवात केली.

प्रधानजींनी डब्यातील दाणेदार खाद्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांचे तोंड सुईच्या नेढ्याएवढे. ते खडकापुढे थांबत, मान तिरपी करीत, एक ठिपका टिपीत, पुढे सरकत. दिवसभर हेच. जिवंत अरित्रपाद हाच त्यांचा आहार, आणि तोही घासाघासाने, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. दुकानदाराने हे सांगितले नव्हते. पुतण्याने वाचले होते, परंतु रंग पाहून त्याचा विवेक डळमळला, असे त्याने आमच्यापाशी कबूल केले.

आम्हांस हजेरी घेण्याची जुनी खोड आहे. एका पोस्टकार्डास मधोमध दोन इंच चौरस भोक पाडून ते रोज रात्री नऊ वाजता काचेच्या एकाच जागी धरावयाचे आणि विजेरीने आतील ठिपके मोजावयाचे, असा क्रम आम्ही आश्विनापासून ठेवला होता. प्रधानजी आले त्या आठवड्यात आकडा ३५ ते ४० असे. कार्तिकाच्या अखेरीस तो १९ झाला. मार्गशीर्षात ८. संक्रांतीच्या रात्री २. पुतण्या खूष होता; काच किती स्वच्छ राहते म्हणे! आम्ही वही त्याच्यापुढे ठेवली, आणि मग दोघांनी मिळून माशाकडे नीट पाहिले. रंग तोच होता. परंतु पोट आत गेले होते, आणि डोक्यामागे पाठीवर धार दिसू लागली होती. इतक्या दिवसांत आम्ही त्याला रोज पाहत होतो आणि एकानेही हे पाहिले नव्हते.

आता करावयाचे काय? विकणारा परत घेईना. जवळचा समुद्र चारशे किलोमीटर दूर, आणि तो त्याचा समुद्रही नव्हे. पुतण्याने मिठागरी कोळंबीची, म्हणजे आर्टेमियाची, वाळलेली अंडी आणली. वडाळ्याच्या मिठागरांत हा जीव सापडत असल्याची नोंद विसाव्या शतकाच्या मध्यासच झालेली आहे. ती अंडी खाऱ्या पाण्यात एका दिवसात उमलतात. प्रधानजींनी ती थोडी टिपली, पण तेवढ्याने अंग धरेना. ज्या जिवाला काय घालावयाचे ते घरात नाही तो जीव घरी आणू नये, असे आम्ही पुतण्यास त्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगितले. तो खाली मान घालून ऐकत होता. बोलल्याने माशाचे पोट भरले नाही, हेही खरे.

अखेर अरित्रपादांचीच शेती करावयाचे ठरले. मुरंब्याच्या दोन मोठ्या बरण्या, त्यांत पेटीचे खारे पाणी, बारीक नळीने संथ बुडबुडे, आणि खाद्य म्हणून सूक्ष्म शेवाळाचे हिरवे पाणी. तेही पाणी पिकटसर राहील इतकेच, अधिक घातले तर नासते. नव्या बाटलीतील बियाणे दोहोंत वाटले. दोन बरण्या अशासाठी की एक गेली तरी दुसरी असावी, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोलीत ठेवाव्यात, असा पुतण्याचा नियम होता. तो आठवडाभर कामासाठी पुण्यास गेला असता आमच्या मनात आले की शेवाळास ऊन मानवते, तर बरणीसही मानवेल. माघातील ऊन ते काय! एक बरणी आम्ही दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आणि वामकुक्षीस गेलो. सायंकाळी पाणी हातास कढत लागले. तळाशी पांढरी साय जमली होती, आणि रात्रीपर्यंत तिला सडक्या अंड्याचा वास सुटला. पंधरा दिवसांची हजारो जिवांची वस्ती आमच्या एका तर्काने गेली. पुतण्यास फोनवर सांगावयास आम्ही तीन दिवस लावले.

दुसरी बरणी माजघराच्या कोनाड्यात होती. सकाळी पाहतो तो ती तेथे नाही. ती स्वयंपाकघरात, फडताळाच्या खालच्या थंड फळीवर, लोणच्याच्या बरण्यांपासून हातभर अंतर सोडून ठेवलेली होती. आणि तिच्यावर पातळ फडके बांधलेले होते.

“तुमच्या हाती राहिली तर हीही जाईल,” सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही काही बोललो नाही.

तेव्हापासून बरणी त्यांच्याकडे आहे. हिरवे पाणी किती घालावयाचे ते त्या चमच्याने नव्हे तर रंगाने ठरवितात, आणि आमच्या मापापेक्षा त्यांची नजर अचूक ठरली. तीन दिवसांआड रात्री त्या बरणीतील थोडे पाणी काढून जुन्या मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळतात. गाळलेले पाणी परत बरणीत. मलमलीवर जो ओला भुरका राहतो तो पेटीच्या खाऱ्या पाण्यात खळबळून, दिवे मालवल्यावर खडकाच्या कपारीशी अलगद सोडतात, म्हणजे माशाने एकदम न टिपता काही ठिपके आत दडून वाढावेत. ही घडी घालण्याची, फडके पिळताना ते उलटू न देण्याची हातोटी त्यांना कोणी शिकविली असे आम्ही एकदा विचारले. “नारू झाल्यावर आईनं,” त्या म्हणाल्या, आणि फडके वाळत घातले. मागच्या शेवाळाच्या कप्प्यातही आता त्यांनी थोडे बियाणे सोडले आहे. तेथे मासा जाऊ शकत नाही. एके दिवशी भिंग मागून घेऊन त्यांनी एका मादीची पिशवी पाहिली. “एकच आहे,” एवढे म्हणून भिंग परत दिले. पेला मात्र अजून कपाटात वेगळाच आहे.

फाल्गुनाचा दुसरा पंधरवडा चालू आहे. काल रात्रीचा आकडा ११. प्रधानजींचे पोट सपाट आहे. फुगलेले नाही, पण आत गेलेलेही नाही. पाठीवरची धार अजून बोटास नव्हे, डोळ्यास जाणवते. पुढे चैत्र-वैशाख आहेत, दुपारी वीज जाऊ लागली आहे, आणि थंड करणारे यंत्र बॅटरीवर फार वेळ चालत नाही. पुतण्याने दुसरी बरणी पुन्हा लावली आहे, आणि ती कोठे ठेवावयाची हे त्याने आम्हांस न विचारता काकूस विचारले.

हे लिहीत असता आतून हाक आली, “अहो, नऊ वाजले. ते पोस्टकार्ड कुठं ठेवलंत?”